विश्वामित्री चढली तर सोसायटीतून कोण, कुठल्या गाडीने आणि कुठे? (बडोदे)

कारेलीबागकर

राम राम मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय आणि कमिटीने एक काम माझ्या गळ्यात घातलंय. नदी पुन्हा चढली तर सोसायटीतली माणसं कुठल्या गाड्यांनी, कुठल्या रस्त्याने आणि कुठे न्यायची, पेट्रोल-डिझेलचं काय, हे एका कागदावर आणायचं आहे. ऑगस्ट २०२४ पासून दर मिटिंगला हा विषय निघतो आणि चहा आला की बुडतो.

आमचा पसारा असा: ३२ घरं, चार मजले, लिफ्ट एकच. चारचाकी २१, त्यातल्या सहा सीएनजी आणि दोन इलेक्ट्रिक. पार्किंग सगळं तळमजल्यावर. सत्तरीपुढची माणसं १४, त्यातल्या तिघांना जिना उतरवत नाही. एका काकांचं डायलिसिस चालू आहे.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. २०२४ ला गोकुळाष्टमीच्या सुमारास पाऊस कोसळला आणि विश्वामित्री नदी काळ्या घोड्यापाशी (तिची पातळी तिथल्या पुलाजवळ मोजतात) ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे २५-२६ फुटांची. पाऊस थांबला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण पावागढ, हालोल, आजवा तलाव या बाजूचं पाणी यायचंच होतं. आभाळ उघडलेलं आणि पार्किंग भरत चाललेलं, असा प्रकार.

आता कमिटीत दोन तट आहेत. एक म्हणतो, प्रत्येकाने गाडीत जादा पेट्रोलचा कॅन ठेवायचा आणि बातमी आली की सगळ्यांनी हालोलकडे सुटायचं. दुसरा म्हणतो, कोणी हलायचं नाही, खालच्यांनी वरच्यांकडे जायचं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. बडोद्याबाहेरच्यांनीही लिहा, फक्त नकाशा उघडून लिहा.

कोथरूडचा_बंड्या

सोपं आहे. २० लिटरचे पाच प्लास्टिक कॅन भरून ठेवा, हजार-बाराशे किलोमीटरची सोय होते. आमच्याकडे शेतावर असेच ठेवतात, काही होत नाही.

नोझल

बंड्याभाऊ, हात जोडतो. पंपावर मॅनेजरकी करून केस पिकलेत म्हणून जरा लांब लिहितो.

पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. स्वतःच्या वापरासाठी, विकायला नाही, विनापरवाना पेट्रोल ठेवता येतं ते एकूण ३० लिटर. तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात, आणि ते एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. तुमचे पाच कॅन म्हणजे १०० लिटर, वर प्लास्टिक. कायदा सोडा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीशेजारी, लाईट ये-जा करतेय अशा रात्री ती वाफ साठली तर पुराची वाट बघायला नको.

आता खरंच किती लागतं ते बघा. साध्या हॅचबॅकची टाकी ३५ लिटरच्या आसपास. अर्धी म्हणजे १७ लिटर. कोंडीत, एसी लावून, रडतखडत चालली तरी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज जाते. बडोद्याहून अहमदाबाद साधारण ११०, सुरत दीडशे. आणि पुरात सुरतेला कोण जातंय? कारेलीबागच्या माणसाला चार-सहा किलोमीटर जायचं असतं, फार तर हालोलचे चाळीस. म्हणजे अंतरासाठी पेट्रोल कमी पडत नाही. पुराची बातमी लागल्यावर सगळ्या गावाला एकाच तासात टाकी भरायची असते, तिथे ते कमी पडतं. त्या तासात पंपावर काय होतं ते मी बघितलंय. रांग रस्त्यावर येते, रस्ता अडतो, आणि ज्याला बाहेर पडायचंय तो त्या रांगेत अडकतो.

पुढे लाईट जाते. पंप जनरेटरवर चालतो, पण जनरेटरलाही डिझेल लागतं. नेटवर्क गेलं की मोबाईलवरून पैसे देणं बंद. म्हणून शंभर-दोनशेच्या नोटा घरात ठेवा, पाचशेचे सुटे त्या वेळी कुणाकडे नसतात. टँकर यायचा थांबतो. आणि पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर तो पंप पूर ओसरल्यावरही बंद.

माझं मत एका ओळीत: १५ जूनपासून दसऱ्यापर्यंत काटा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही. कॅनबिन काही नको.

पाना_पक्कड

नोझलदादांना दुजोरा, आणि एक भर. सीएनजीवाले सहाजण आहेत ना तुमच्याकडे? त्यांच्या गाड्या उघडून बघा, सहापैकी चौघांच्या पेट्रोलच्या टाकीत काटा लालवर असेल. आपल्याकडे सीएनजी घेतलेला माणूस पेट्रोल नुसतं गाडी चालू करण्यापुरतं ठेवतो. सीएनजी स्टेशनचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. लाईट गेली की प्रेशर नाही, प्रेशर नाही की रांग तीन पट. त्या सहाजणांना आजच सांगा, पावसाळाभर पेट्रोलही अर्धी टाकी.

कारेलीबागकर

@पाना_पक्कड, आत्ताच ग्रुपवर विचारलं. सहापैकी पाच लालवर! एकाने उलट विचारलं, "पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला असते?"

जुने_बडोदे

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळे गाडीत बसून बोलताय. जरा उतरून नदीकडे बघा.

विश्वामित्री या शहराच्या मधोमध जाते. पूर्वेला जुनं गाव, म्हणजे मांडवी, वाडी, रावपुरा, दांडिया बाजार, तुमचं कारेलीबाग, खाली मांजलपूर. पश्चिमेला सयाजीगंज, स्टेशन, फतेहगंज, अलकापुरी, अकोटा. पाणी चढलं की एकेक पूल बंद होत जातो आणि गावाची दोन गावं होतात. सयाजी हॉस्पिटल पूर्वेला राहतं, रेल्वे स्टेशन पश्चिमेला. अकोट्याला राहणारी सून आणि दांडिया बाजारात राहणारे सासू-सासरे, मध्ये चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, पण दोन दिवस एकमेकांचं तोंड बघता येत नाही.

म्हणून पहिला नियम: जायचं ठिकाण नदीच्या आपल्याच बाजूला हवं. कारेलीबागच्या माणसाने अलकापुरीच्या मेहुण्यावर भिस्त ठेवू नये, मेहुणा कितीही प्रेमळ असला तरी. तुमची माणसं आजवा रोड, वाघोडिया रोड किंवा हायवेच्या बाजूला कुठे आहेत ते आधी शोधा. ज्यांचं तिकडे कोणी नाही त्यांची नावं वेगळी काढा, कारण खरा प्रश्न त्यांचाच आहे.

दुसरं, गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी (म्हणजे चौक) असा अटल ब्रिज. साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल, २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, गाड्या वर लावायला सगळ्यांचा त्यावर डोळा. पण तो पश्चिमेला आहे. तुमची गाडी तिथे पोचेल तेव्हा तुम्ही घरी परत कसे येणार?

आणि पश्चिमेकडच्या कुणी हे वाचत असेल तर: अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा बोगदा, कागदावर रस्ता म्हणून धरूच नका. ते नदीची वाट बघत नाही, दोन तासांच्या पावसात भरतं.

सुरसागर_संध्याकाळ

उड्डाणपुलावर गाड्या लावायला काय हरकत आहे? चेन्नईत वेलाचेरीच्या पुलावर लोक रांगेने लावतात, पेपरात फोटो येतात.

जुने_बडोदे

लावतात, आणि तिथेही त्यावरून पोलिसांशी वाद झालेत. दोन्ही कडांना गाड्या लागल्या की मधून १०८ जाणार कशी? एका कडेला, एका रांगेत, पोलिसांना विचारून लावत असाल तर ठीक. नाहीतर उंचावरचं एखादं मैदान, नातेवाइकाची गल्ली बरी.

मांजलपूरची_माई

मी या विषयात आडवी येते, माफ करा, पण आठ प्रतिसाद होत आले आणि डायलिसिसवाल्या काकांबद्दल कुणीच बोललं नाही. तुमचा तक्ता गाड्यांपासून सुरू होतोय, तो माणसांपासून करा.

त्या काकांना पाण्याची वाट बघत ठेवायचं नाही. आजव्याची बातमी गंभीर वाटली की त्यांची पाळी ज्या सेंटरला आहे तिथे फोन करायचा, एक दिवस आधी घेता येईल का विचारायचं, आणि त्यांना सेंटरच्याच बाजूला कुणाकडे तरी ठेवायचं. २०२४ ला आमच्या गल्लीत एका आजींना ऑक्सिजन लागायचा. लाईट गेली, मशीन बंद, सिलिंडर संपायला आला. शेवटी ट्रॅक्टर आला आणि चौघांनी खुर्चीसकट त्यांना ट्रॉलीत चढवलं. तुम्हाला सांगते, त्या उंचीवर आजारी माणसाला चढवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. ट्रॉली हलत असते, पाणी वाहत असतं, आणि वरचा माणूस "बेन, पकडजो, पकडजो" ओरडत असतो. जिना न उतरणारी तिघं आहेत ना? त्यांना कोरड्या जिन्यावरून, कोरड्या रस्त्याने, दिवसाउजेडी हलवा. लिफ्ट चालू आहे तोवर.

औषधांची पिशवी, जुने रिपोर्ट, इन्सुलिन असेल तर बर्फाच्या डब्यात. डायपर. हे शब्द कुणी मिटिंगमध्ये उच्चारत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

कारेलीबागकर

माई, आडव्या नाही, सरळ आलात. तक्ता उलटा करतोय. आधी माणसं, मग त्यांना लागणारी जागा, मग गाडी. पहिल्या खेपेची नावं काढली तर नऊजण निघतायत: जिन्याची तिघं, डायलिसिसचे काका, एक बाळंतीण आणि तिचं बाळ, आणि तिघं एकटी राहणारी. बरोबर एकेक माणूस धरला तरी चार गाड्यांत बसतात. २१ गाड्यांची गरजच नाही!

पाना_पक्कड

हेच मी म्हणणार होतो. २१ गाड्या एकदम गेटबाहेर पडल्या तर तुमची तुम्हीच कोंडी कराल. चार गाड्या माणसांसाठी, बाकीच्या आदल्या दिवशी रिकाम्या नेऊन उंचावर लावायच्या. दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या वेळी करायची.

गाडी निवडताना जमिनीपासूनची उंची बघा, पण उंच गाडी आहे म्हणून पाण्यात घालायची हिंमत करू नका. साचलेलं पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर जायचं नाही. वाहतं असेल तर त्याहून कमीलाही नाही. एक फूट वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात, एसयूव्हीसुद्धा. वरून पाण्याखाली गटाराचं झाकण उघडं आहे की नाही हे कुणाला दिसतं?

पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि मग विमेवाले म्हणतात, हे पुराचं नुकसान नव्हे, तुम्ही चालू करायला गेलात म्हणून झालं. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन घेतलंय का ते आत्ता बघा, पुरानंतर नाही.

इलेक्ट्रिकवाले दोघे: आजव्याची बातमी आली की आधी चार्ज करून घ्या, मग तळमजल्यावरच्या चार्जरचा मेन स्विच बंद करा. गाडी बुडली असेल तर सुकली म्हणून घरी चार्जिंगला लावू नका, इमारतीपासून लांब उभी करा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. सीएनजीवाल्यांच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी असतेच, बुडाला असेल तर तारीख न बघता परत करून घ्या.

कोथरूडचा_बंड्या

बरं बुवा, कॅन मागे घेतो. पण हायवे धरून सरळ बाहेर पडायला काय अडचण? तुमच्याकडे तर एक्स्प्रेस वेसुद्धा आहे.

जुने_बडोदे

गोल्डन चौकडीवरून अहमदाबादचा एक्स्प्रेस वे धरता येतो, खरं आहे. पण सुरतेच्या बाजूला जांबुव्याचा आणि पोरचा अरुंद पूल आहे, तिथे कोरड्या दिवशीसुद्धा ट्रकांची रांग लागते. पूर्वी पादऱ्याकडून महीसागर ओलांडून आणंदच्या बाजूला निघायची वाट होती, तो गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला, माणसं गेली. १९८५ चा पूल होता. नकाशावरची रेघ आणि खालचा रस्ता या दोन गोष्टी आहेत, एवढंच.

शिवाय हालोलकडे सुटणाऱ्या तटाला माझा निरोप द्या. पाणी त्याच बाजूने येतंय. पावागढला पाऊस कोसळत असताना पावागढच्या पायथ्याशी कशाला जायचं?

सुरसागर_संध्याकाळ

मी "हलायचं नाही" तटातली. चार मजली पक्की इमारत आहे, पाणी फार तर पहिल्या मजल्याला लागेल. वर राहिलेलं काय वाईट? रस्त्यावर साप, मगरी. २०२४ ला लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या, ही अफवा नव्हती.

मांजलपूरची_माई

धडधाकट माणसाला वर राहायला हरकत नाही. पिण्याचं पाणी, गॅस, मेणबत्ती नव्हे बॅटरी, आणि दोन-तीन दिवसांचं कोरडं खाणं. पण पाण्याची मोटर खाली, लाईट नाही, म्हणजे टाकी रिकामी झाली की संडासालाही पाणी नाही. धडधाकट माणूस ते सोसतो, पहिल्या खेपेच्या यादीतल्या नऊजणांना सोसणार नाही.

कारेलीबागकर

म्हणजे दोन्ही तट बरोबर, फक्त वेगवेगळ्या माणसांसाठी. हे मिटिंगमध्ये असंच सांगतो, बघू किती टाळ्या पडतात.

आता जनरेटरचं बोला. आमचा तासाला आठ-दहा लिटर डिझेल खातो, लिफ्ट आणि मोटर त्याच्यावर. डिझेल किती ठेवावं?

नोझल

डिझेलला कायदा पेट्रोलइतका कडक नाही, तरी ड्रम भरून ठेवण्याची हौस नको. आधी जनरेटर कुठे आहे ते सांगा.

कारेलीबागकर

गेटजवळ, जमिनीवर. चौथरा आहे, गुडघ्याएवढा.

नोझल

मग डिझेलचा प्रश्नच मिटला. पाणी गुडघ्यावर आलं की जनरेटर गेला, टाकीत पन्नास असो की पाचशे. चौथरा उंच करा नाहीतर लिफ्ट पहिल्या तासालाच वर नेऊन बंद करायची असं ठरवा. जनरेटरची टाकी भरलेली एवढं पुरे.

एक राहिलं. पूर ओसरल्यावर ज्या पंपाच्या आवारात पाणी होतं तिथे लगेच भरू नका. आता सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, २० टक्के. त्यात पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि ते तुमच्या टाकीत आलं तर गाडी पंपाबाहेर शंभर फुटांवर बंद. पंपावाल्याला विचारा, टाकीत पट्टी टाकून पाणी बघितलंय का? पट्टीला लेप लावतात, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. खरा पंपवाला चिडणार नाही, दाखवेल.

गोरव्याचा_शिफ्टवाला

थोडं विषयांतर. आपलं गाव नुसतं पुराचं नाही. कोयलीच्या रिफायनरीत ११ नोव्हेंबर २०२४ ला बेन्झिनच्या टाकीला आग लागली तेव्हा मी ड्युटी संपवून घरी होतो, खिडक्या थरथरल्या. शेजारचे गाड्या काढायला धावले. वायुगळती असेल तर ते बरोबर उलटं पडतं. आधी दारं-खिडक्या बंद, एसी-पंखे बंद, घरातच. प्रशासनाने निघा सांगितलं तरच निघायचं, आणि वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. इंधनाची वाफ पसरलेली असेल तर गाडीची चावी फिरवणं हीच ठिणगी. तुमच्या कागदाच्या मागच्या बाजूला हे लिहून ठेवा, पुढच्या बाजूला पूर. दोन्ही एकत्र केलंत तर लोक गोंधळतील.

कारेलीबागकर

छान सुचवलंत. घेतलं.

आता वेळ कशी ठरवायची ते. महापालिका आजव्याची आणि काळ्या घोड्याची पातळी फुटांत देते. मी असं मांडतोय: काळा घोडा १५ फूट आणि आजव्यातून पाणी येतंय, की रिकाम्या गाड्या उंचावर. १८ फूट, की नऊजण चार गाड्यांत. २२ च्या पुढे एकही गाडी गेटबाहेर नाही, सगळे वर, आणि लागलीच मदत तर ११२ किंवा जिल्ह्याचा १०७७. हे आकडे आमच्या गेटच्या उंचीचे आहेत, दुसऱ्या सोसायटीने उचलू नयेत.

जुने_बडोदे

आकडे बरे आहेत, पण रात्रीचे वेगळे ठेवा. संध्याकाळी सातला १५ असेल आणि वर पाऊस चालू असेल तर नऊजणांना तेव्हाच हलवा. रात्री दोनला १८ होईल तेव्हा कोण कुणाचं दार वाजवणार? ३१ जुलै २०१९ आठवा, एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला होता, नदीला फुटाफुटाने चढायची फुरसत नव्हती. एनडीआरएफची तुकडी जरोदला आहे, आपल्या नशिबाने जवळ, पण तिच्या बोटी सगळ्या गावाला पुरायच्या असतात.

मांजलपूरची_माई

आणि ड्रायव्हर? चार गाड्यांचे मालक त्या दिवशी ऑफिसात असले तर?

कारेलीबागकर

प्रत्येक गाडीला दोन नावं, एक मालक आणि एक दुपारी घरी असणारा. दुसरी चावी वॉचमनकडे नाही, पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे, त्या कधी बाहेर जात नाहीत. चार गाड्या पावसाळाभर गेटकडे तोंड करून लावायच्या.

एकच अडचण आहे. सगळ्यात उंच आणि सात माणसं बसणारी गाडी आमच्या सेक्रेटरींची, नवी कोरी. ते म्हणतात, चावी कुणाला देणार नाही, वेळ आली की मी स्वतः येईन.

नोझल

मग ती यादीतून काढा आणि पाचवी गाडी शोधा. सीएनजीवाल्यांपैकी जो आज टाकी भरून आला असेल त्याची घ्या.